पिल्लं मोजून झाली, आता माद्यांचा हिशेब ठेवू : कांदळवन कक्षाला खुले पत्र

प्रति,
मा. अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक, कांदळवन कक्ष, महाराष्ट्र राज्य;
तसेच रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले वन अधिकारी व किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती

विषय : कोकणात विणीला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या माद्यांना फ्लिपर टॅग (वल्ह्यासारख्या पायाला लावायची क्रमांकाची पट्टी) लावणे आणि घरट्यांची एकसारखी नोंद ठेवणे

स. न. वि. वि.

जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या फ्लिपरवर धातूची बोटाच्या पेराएवढी पट्टी होती. पट्टीवर आकडा होता 03233. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या चमूने 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर ती लावलेली. म्हणजे बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी, बहुधा श्रीलंकेला वळसा घालून, अरबी समुद्रात आली आणि इथेही तिने 120 अंडी घातली. त्यांतून 107 पिल्लं बाहेर पडली. त्याआधी फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागरलाच सॅटेलाइट टॅग (उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र) लावलेली बागेश्री ही मादी नेमक्या उलट्या दिशेने, श्रीलंकेच्या खालून बंगालच्या उपसागरात गेली होती. दोन माद्यांवरून नियम ठरत नाही, पण पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या माद्यांची दोन वेगळी खाती मांडून आता चालणार नाही, एवढं नक्की.

या पत्राचा मुद्दा मात्र वेगळा आहे. बागेश्रीचा प्रवास कळायला लाखांच्या घरातलं यंत्र लागलं. 03233 चा प्रवास शे-दीडशे रुपयांच्या पट्टीने सांगितला, आणि तोही किनाऱ्यावरच्या कुणीतरी रात्री तो आकडा नीट वाचून लिहून ठेवला म्हणून. पट्टी लावणारा ओडिशात होता, वाचणारा गुहागरात. आपल्याकडे वाचणारे तयार आहेत. पट्ट्या लावण्याची सलग, वर्षानुवर्षं चालणारी व्यवस्था मात्र नाही. ती उभी करा, ही आमची मुख्य मागणी.

2002 साली वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर काम सुरू केलं तेव्हा प्रश्न अंडी वाचवण्याचा होता. कोल्हे, कुत्री आणि माणसं यांच्यापासून अंडी राखली, उबवणी केंद्रं उभी राहिली, आणि आज दिवेआगर-हरिहरेश्वरपासून वायंगणी-शिरोड्यापर्यंत कासवमित्र, म्हणजे घरटी शोधून राखणारे गावकरी, पहाटे पुळण तुडवतात. हंगाम संपला की किती घरटी मिळाली आणि किती पिल्लं समुद्रात गेली, हे आकडे जाहीर होतात. पण घरट्यांची संख्या म्हणजे माद्यांची संख्या नव्हे. रिडले मादी एका हंगामात एकदा, दोनदा, क्वचित तीनदाही अंडी घालते आणि दोन विणींत साधारण दोन ते चार आठवड्यांचं अंतर ठेवते. गावात तीस घरटी मिळाली तर त्या तीस माद्या होत्या की पंधरा? पुढच्या वर्षी चाळीस मिळाली तर माद्या वाढल्या, की त्याच माद्यांनी जास्त वेळा अंडी घातली, की गस्त घालणारा माणूस जास्त नेटाने फिरला? आजच्या नोंदवहीतून यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर निघत नाही.

आता टॅगिंग कसं करायचं, ते तपशिलात सांगतो, कारण घोटाळे तपशिलातच होतात.

कोकणची खरी अडचण अशी की इथे मादी दिसतच नाही. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येला एका रात्रीत हजारो माद्या येतात. टॅग लावणाऱ्याने फक्त वाकायचं. आपल्याकडे एखाद-दुसरी येते, पाऊण ते एक तास किनाऱ्यावर असते आणि निघून जाते. कासवमित्राला पहाटे दिसतो तो तिचा माग. तेव्हा टॅगिंग म्हणजे रात्रीची गस्त, आणि गस्तीचं गणित साधं पण कडक आहे. भुसभुशीत पुळणीवर माणूस तासाला तीन किलोमीटर चालतो. एका जोडीला दोन किलोमीटरचा पट्टा दिला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला 40 मिनिटं, परत यायला 40. पट्ट्याच्या मधोमध दर 40 मिनिटांनी नजर पडते, पण टोकाला 80 मिनिटांनी. तेवढ्यात मादी येऊन, अंडी घालून परत गेलेली असू शकते. म्हणून एका जोडीला एक-सव्वा किलोमीटरपेक्षा जास्त पट्टा देऊ नये. गुहागरचा किनारा सहा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पाच जोड्या, रात्री दहा ते पहाटे पाच. ‘एक माणूस, एक बॅटरी आणि अख्खा किनारा’ अशी गस्त कागदावर होते, कासव सापडत नाही.

प्रत्येक गावात अशी गस्त परवडणार नाही, आणि तशी गरजही नाही. चार किनारे निवडा. आमच्या मते वेळास, आंजर्ले, गुहागर आणि सिंधुदुर्गातलं वायंगणी. तिथे जानेवारीच्या अखेरीपासून सलग सहा आठवडे रात्रगस्त ठेवा. सलग सहा आठवडेच का, तर दोन विणींतलं अंतर चार आठवड्यांपर्यंत जातं. पंधरा दिवस गस्त घालून थांबलं तर पहिल्यांदा टॅग लावलेली मादी दुसऱ्यांदा येते तेव्हा किनाऱ्यावर कुणीच नसतं, आणि मग ‘ती परत आली नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. हे किमान पाच वर्षं त्याच किनाऱ्यांवर, त्याच काळात व्हायला हवं. रिडले माद्या वर्षाआड किंवा लागोपाठच्या वर्षीही विणीला येतात. एक-दोन हंगामांच्या टॅगिंगवरून हाती काही लागत नाही. दरवर्षी किनारे बदलले तर लागलंच म्हणून समजा!

टॅग इन्कोनेल (निकेलचा न गंजणारा मिश्रधातू) किंवा टायटॅनियमचा घ्यावा. साध्या स्टीलचे किंवा गुरांच्या कानाला लावतात तसले टॅग खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. नव्या टॅगला कारखान्यातलं तेल असतं. ते साबणाने धुवून, जंतुनाशकात बुडवून, वाळवून क्रमाने ओवून ठेवावेत. पक्कड त्याच कंपनीची आणि त्याच मापाची हवी. मापात थोडा फरक असला की टॅग वाकडा बसतो.

मादी वाळूवर चढत असताना किंवा खड्डा खणत असताना जवळ जाऊ नये. त्या वेळी उजेड किंवा हालचाल दिसली की ती अंडी न घालता परत फिरते. अंडी घालून झाल्यावर ती मागच्या फ्लिपरने वाळू ओढते आणि अंगाने धपधप ठोकून घरटं बुजवते. ही टॅगची वेळ. दोघांनी मागून जावं, लाल उजेडाची बॅटरी वापरावी आणि ती मादीच्या डोळ्यांवर पडू देऊ नये. पुढच्या फ्लिपरची मागची कड पुसून घ्यावी, काखेकडच्या पहिल्या मोठ्या खवल्याला लागून जागा धरावी आणि पक्कड एकाच दमात, पूर्ण दाबावी. अर्धवट दाबून सोडली तर टोक भोकातून पार जातं पण वळत नाही. असा टॅग काही महिन्यांत गळतो. दाबल्यावर बोट फिरवून पाहावं, टोक पलीकडे वळून बसलेलं हाताला लागलं पाहिजे. टॅगचा थोडासा भाग कडेबाहेर मोकळा राहू द्यावा. अगदी घट्ट बसवला तर मांस सडतं, फार बाहेर ठेवला तर जाळ्यात अडकतो.

टॅग दोन्ही फ्लिपरना लावायचा. इथे कंजूषपणा होण्याची भीती वाटते म्हणून कारण सांगतो. टॅग गळतात. एकच लावला आणि तो गळला तर जुनी मादी नवी म्हणून मोजली जाते. दोन लावले तर पुढे एकाच टॅगनिशी परतणाऱ्या माद्या किती, यावरून टॅग गळण्याचं प्रमाण काढता येतं आणि सगळा हिशेब त्यानुसार दुरुस्त करता येतो. टॅग नसेल तिथे जुनं भोक किंवा फाटलेली कड दिसते का, हेही पाहून ‘जुन्या टॅगची खूण’ अशी नोंद करावी. ज्यांना परवडेल त्यांनी खांद्याच्या स्नायूत सुईने घालायची मायक्रोचिपही वापरावी. ती गळत नाही, पण वाचायला यंत्र लागतं. म्हणजे मच्छीमाराला ती दिसणार नाही. फ्लिपर टॅगला पर्याय म्हणून चिप आणू नये.

आधीच टॅग असलेली मादी आली तर टॅग काढायचा नाही. शेवाळ आणि बार्नेकल (घट्ट चिकटून बसणारे कवचधारी जीव) जुन्या दातघासणीने घासून दोन्ही बाजू वाचाव्यात. एका बाजूला आकडा असतो, दुसऱ्या बाजूला पत्ता. आकड्याच्या पुढची शून्यं आणि अक्षरं गाळू नयेत. 03233 आणि 3233 हे नोंदवहीत दोन वेगळे टॅग आहेत. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने लिहावं, मग दुसऱ्याने लिहिलेलं वाचावं आणि पहिल्याने टॅगवर पाहावं. शेवटी टॅगचा जवळून एक फोटो. 3 आणि 8, 1 आणि 7 यांची गल्लत लाल उजेडात हमखास होते.

कवचाचं माप मऊ टेपने मानेजवळच्या खाचेपासून शेपटीकडच्या टोकापर्यंत, कवचाच्या बाकावरून घ्यायचं. शिंप्याची कापडी टेप ओली झाली की ताणते, फायबरग्लासची घ्या. दोनदा मोजा, अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. बार्नेकलवरून टेप गेली असेल तर तसं लिहा.

एवढं करूनही पुष्कळ माद्या गस्तीच्या हातून सुटणार. त्यांच्यासाठी एक वेगळा मार्ग आहे, आणि तो कोकणाला टॅगिंगहूनही जास्त सोयीचा ठरेल असं आम्हाला वाटतं. मादी न पाहता तिची ओळख घरट्यातून काढता येते. ताज्या अंड्याच्या कवचावर आईच्या पेशी असतात. त्यातून तिचा डीएनए मिळतो. अमेरिकेत जॉर्जिया आणि शेजारच्या राज्यांत लॉगरहेड कासवांच्या प्रत्येक घरट्यातलं एक अंडं घेऊन असंच काम चालतं, आणि कुठल्या मादीने कुठल्या किनाऱ्यावर किती घरटी केली हे मादी न दिसताही कळतं. आपल्याला जिवंत अंडं खर्ची घालायची गरज नाही. घरटं उबवणी केंद्रात हलवताना फुटलेलं अंडं, ते नसेल तर हंगामाअखेर घरटं उकरल्यावर मिळणारं मेलेलं पिल्लू किंवा अर्धवट वाढलेला गर्भ घ्या. पिल्लात आई-बाप दोघांचा वाटा असल्याने एकाऐवजी पाच-सहा नमुने लागतात. नमुना 95 टक्के इथेनॉलमध्ये, नमुन्याच्या पाचपट द्रावणात, झाकण घट्ट. फॉर्मॅलिन वापरलं की डीएनए बिघडतो, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत हटकून तेच हाताशी असतं. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी; पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा अंड्याचं कवचही परवानगीशिवाय उचलता येत नाही. परवानगी गावागणिक मागायला लावू नका. कांदळवन कक्षाने कलम 12 खाली पाच वर्षांसाठी एकच एकत्रित परवानगी मिळवावी आणि टॅगिंगही तिच्यातच धरावं.

आता नोंदवही. तीन जिल्ह्यांना एकच छापील नमुना द्या आणि तो अ‍ॅपमध्ये भरण्याआधी कागदावर भरू द्या. किनाऱ्यावर रेंज नसते, ओल्या हाताला मोबाइल दाद देत नाही.

पहिला घोळ तारखेचा होतो. मादी रात्री येते. कासवमित्र पहाटे सहाला घरटं शोधतो. कुणी 14 तारीख लिहितो, कुणी 15. उबवणीचे दिवस एकाने चुकतात आणि दोन गावांची तुलना होत नाही. ‘14-15 फेब्रुवारीची रात्र’ असंच लिहायचं, हे ठरवून टाका. दुसरा घोळ रिकाम्या मागांचा. मादी वर येते, उजेड, कुत्री, सुरूची मुळं किंवा धूपप्रतिबंधक बंधारा आडवा आला की तशीच परतते. असे माग कुठेच लिहिले जात नाहीत, कारण त्यांतून अंडी मिळत नाहीत. बंधारा आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दिवे माद्यांना किती आडवे येतात याचा पुरावा मात्र त्याच मागांमध्ये असतो. माग कुठून चढला, कुठे थांबला, कशापाशी वळला, हे दोन ओळींत लिहून जीपीएस बिंदू घेतला की पुरे. रिडलेच्या मागात डाव्या-उजव्या फ्लिपरच्या खुणा एकाआड एक पडतात आणि रुंदी साधारण 70-80 सेंटिमीटर असते. खुणा समोरासमोर जोडीने पडल्या असतील आणि माग मीटरभर रुंद असेल तर ते हिरवं कासव असू शकतं. असा माग मोडायच्या आत फोटो काढून लगेच कळवावा.

घरटं शोधताना काठी खुपसू नये. मादीने उकरलेल्या भागात हाताने चाचपत गेलं की एका जागी वाळू सैल लागते, तिथे हात आत जातो. अंडी हलवायचीच असतील तर घातल्यापासून सहा तासांच्या आत. त्यानंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो. अर्धा दिवस उलटल्यावर अंडं फिरलं किंवा हिंदकळलं तर गर्भ मरतो, आणि हे पन्नास दिवसांनी कळतं. उशिरा सापडलेलं घरटं भरतीच्या रेषेच्या वर असेल तर जाळी लावून जागेवरच राखा. हलवण्याला ‘वाचवणं’ म्हणायची सवय लागली आहे, पण चांगल्या जागी असलेलं घरटं जागेवरच ठेवणं अधिक चांगलं. हलवताना वरच्या अंड्याची आणि तळाची खोली मोजून तेवढ्याच मापाचा, चंबूसारखा, वर अरुंद आणि खाली फुगीर खड्डा करावा; तळ साधारण दीड फुटावर येतो. वाळू कोरडी असेल तर खड्डा ढासळतो, म्हणून आधी पाणी शिंपून तासभर मुरू द्यावं. दोन घरट्यांत मीटरभर अंतर. उबवणी केंद्राची जागा दरवर्षी बदलावी किंवा वाळू तरी बदलावी, नाहीतर गेल्या वर्षीच्या कुजलेल्या कवचांची बुरशी या वर्षीच्या अंड्यांना लागते.

तापमानाबद्दल जरा आग्रहाने लिहितो. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागातलं वाळूचं तापमान ठरवतं. रिडलेच्या बाबतीत 29-30 अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही साधारण सारखे, त्याहून उष्ण असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर. 34-35 अंशांच्या वर बराच काळ राहिलं तर गर्भच मरतात. डिसेंबरातलं आणि मार्चअखेरचं घरटं एकाच केंद्रात असलं तरी त्यांची वाळू वेगळी असते. पहिल्याला पिल्लं फुटायला साठ दिवसांच्या जवळपास लागू शकतात, दुसऱ्याची पंचेचाळिशीतच बाहेर पडतात. पिल्लू बाहेरून पाहून नर-मादी ओळखता येत नाही, त्यामुळे मोजमाप नसेल तर आपण वर्षानुवर्षं नुसत्या माद्या सोडत आहोत का, हे कुणालाच सांगता येणार नाही.

उन्हाळ्यात केंद्रावर हिरवी शेडनेट टाकली जाते. हेतू चांगला, पण किती घनतेची, किती उंचीवर, कुठल्या तारखेपासून, हे लिहिलेलं नसतं. प्रत्येक केंद्रात किमान तीन घरट्यांच्या मधोमध, अंड्यांच्या बरोबरीने डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र) ठेवा. दर तासाला एक नोंद पुरते. चौथा लॉगर केंद्राबाहेर, मादीने निवडलेल्या जागेजवळ, त्याच खोलीवर. तुलना याच चौथ्यामुळे होते, आणि पैसे कमी पडले की आधी हाच वगळला जातो. लॉगर हंगामाआधी सगळे एकत्र बर्फाच्या पाण्यात ठेवून तपासावेत. शून्यापासून अर्ध्या अंशाहून जास्त ढळलेला बाजूला काढा.

पिल्लं बाहेर पडल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरून रिकामी कवचं, आत अडकलेली जिवंत पिल्लं, मेलेली पिल्लं, गर्भ असलेली न फुटलेली अंडी आणि गर्भ न दिसणारी अंडी असे पाच ढीग करावेत. रिकाम्या कवचांना एकूण अंड्यांनी भागलं की फुटण्याचं प्रमाण मिळतं. कवचांतून आत राहिलेली जिवंत-मेलेली पिल्लं वजा करून भागलं की आपल्या बळावर बाहेर आलेल्यांचं. हे दोन आकडे वेगळे आहेत, आणि अहवालात ते सर्रास एक होतात. गर्भ मोठा होऊन मेला असेल तर उष्णता किंवा पाणी साचणं, सुरुवातीलाच मेला असेल तर बहुधा हलवण्यातली चूक. हे ढीग वाचता आले तर पुढच्या हंगामात काय सुधारायचं ते कळतं.

कासव महोत्सवांबद्दल एकच. पर्यटकांमुळे गावात पैसा येतो, तो यायलाच हवा. पण पिल्लं टोपलीत तासन्‌तास राखून ठेवू नका. बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांतली ताकद त्यांना लाटांपलीकडे जायला लागते. टोपलीत वळवळून ती संपते. रोज एकाच जागी, एकाच वेळी सोडली तर मासेही तिथे जमायला शिकतात.

समुद्रात मच्छीमारांच्या हाती जी कासवं लागतात त्यांची संख्या किनाऱ्यावरच्या आपल्या सगळ्या गस्तीपेक्षा जास्त असेल. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्याची योजना 2018 पासून आहे, आणि त्यासाठी फोटो द्यावे लागतात. त्याच अर्जात दोन गोष्टी वाढवा : दोन्ही पुढच्या फ्लिपरचा फोटो आणि ‘टॅग आहे/नाही, असल्यास आकडा’ हा रकाना. वेगळी योजना नको, वेगळा खर्च नको. टॅगचा आकडा कळवणाऱ्याला रोख बक्षीस मात्र ठेवू नका. पट्टी मिळवण्यासाठी कासव धरण्याची वाट त्यातून उघडते. त्याऐवजी पंधरा दिवसांच्या आत पत्र जावं, की तुम्ही पाहिलेलं कासव कुठे, केव्हा टॅग केलं होतं. पहिलं पत्र बंदरावर फिरलं की दहा तांडेल (बोटीचे प्रमुख) आपणहून आकडे सांगतील. पावसाळ्यात तुटक्या जाळ्यांत गुरफटून किनाऱ्याला लागणारी जखमी आणि मेलेली कासवंही याच नोंदीत यावीत. पुरण्याआधी दोन्ही फ्लिपर पाहिले गेले पाहिजेत.

सॅटेलाइट टॅगिंगला आमचा विरोध नाही. 2022 मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी यांना, आणि 2023 मध्ये बागेश्री व गुहा यांना टॅग लावले, म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या रिडलेच्या वाटा पहिल्यांदा दिसल्या. पुढची खेप करताना मात्र प्रश्न आधी ठरवा. हंगामात मादी दुसरं घरटं कुठे करते हे पाहायचं असेल तर टॅग डिसेंबर-जानेवारीत लावायला हवा. चरायला कुठे जाते हे पाहायचं असेल तर हंगामाच्या शेवटी, कारण बॅटरी किनाऱ्याजवळच खर्च व्हायला नको.

टॅग कवचाच्या सर्वांत उंच भागावर, इपॉक्सीने. आधी घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, पूर्ण कोरडं करून. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत मादीला सोडायचं नाही, म्हणजे दोन-तीन तास तिला सावलीत, ओल्या कापडाखाली ठेवावं लागतं, आणि त्या वेळात गर्दी, फोटो आणि भाषणं नकोत. अँटेना पाण्याबाहेर आली की खाऱ्या पाण्याच्या संवेदकाला ते कळतं आणि संदेश जातो. संवेदकावर शेवाळ चढलं की त्याला आपण कायम पाण्याखालीच आहोत असं वाटतं आणि टॅग गप्प होतो. नराने पाठीवर चढताना अँटेना मोडली, कवचाचा वरचा पापुद्रा सुटून टॅगच निघाला, बॅटरी संपली, अशीही कारणं असतात. म्हणून संदेश थांबला की ‘कासव मेलं’ अशी बातमी होऊ देऊ नका. शेवटच्या संदेशांतला बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) पाहा. उलट, टॅग अचानक दिवसरात्र धडाधड, अचूक ठिकाणं पाठवू लागला तर काळजी करा. तेव्हा टॅग पाण्याबाहेर असतो : बोटीवर, किनाऱ्यावर, किंवा मेलेल्या कासवाच्या पाठीवर तरंगत.

आर्गोस या उपग्रह यंत्रणेने काढलेल्या प्रत्येक ठिकाणाला दर्जा असतो. दर्जा 3 म्हणजे चूक अडीचशे मीटरच्या आत, 2 म्हणजे पाचशेच्या आत, 1 म्हणजे दीड किलोमीटरच्या आत. 0 म्हणजे त्याहून जास्त, आणि ए, बी दर्जांना चुकीचा अंदाजच देता येत नाही. नकाशे प्रसिद्ध करताना हे दर्जे गाळले जातात आणि मग कासव डोंगरावर गेलेलं दिसतं! दर्जा 2 किंवा 3 चं ठिकाण रात्री किनाऱ्याला टेकलं तर जवळच्या गावाला त्याच रात्री फोन गेला पाहिजे. सकाळी माग मिळाला तर विण पक्की, नाहीतर तो अंदाज. एका सॅटेलाइट टॅगच्या खर्चात हजारभर फ्लिपर टॅग येतात, हेही खरेदीच्या टिपणीत लिहिलेलं असावं.

शेवटी कामाचं वेळापत्रक. टॅग आणि पकडी बाहेरून मागवाव्या लागतात, तेव्हा खरेदी ऑगस्टपर्यंत मार्गी लागली तरच नोव्हेंबरात सामान किनाऱ्यावर येईल. टॅगवर राज्याचं अक्षर आणि सलग क्रमांक घ्या, आणि ती मालिका भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेला, गोवा, गुजरात, कर्नाटक, केरळ व ओडिशाच्या वन विभागांना आणि श्रीलंकेतल्या संशोधकांना आधीच कळवा; दोन राज्यांनी एकच आकडे वापरले तर दोन्हीकडची मेहनत वाया. ऑक्टोबरात दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या आणि पहिले टॅग पुठ्ठ्यावर किंवा जुन्या रबरी टायरवर लावून घ्या. वीस टॅग वाया गेले तरी चालतील. रात्रगस्तीचं मानधन पहाटेच्या गस्तीपेक्षा वेगळं आणि दर महिन्याला मिळावं. हंगामाअखेर एकरकमी नको, कारण निम्म्या हंगामात माणूस बोटीवर कामाला जातो. सगळ्या गावांच्या नोंदी 15 जूनपर्यंत एकत्र करा आणि जुलैअखेर प्रत्येक ग्रामपंचायतीला तिच्या किनाऱ्याचा तक्ता मराठीत परत पाठवा, चुका दुरुस्त करायला महिनाभर देऊन.

यावर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात चारही किनाऱ्यांच्या कासवमित्रांसह एक बैठक बोलवावी, ही विनंती. नोंदवहीचा नमुना आम्ही तयार करून आणतो.

आपले,
कोकण किनाऱ्यावरच्या कासवांच्या नोंदींवर काम करणारे काही अभ्यासक आणि कासवमित्र